चाळीस बल्ब, एकेचाळीस खिडक्या

१

लातुरातल्या उंच इमारतींचे रात्रीचे फोटो काढावेत तर पुनमनंच, असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणते, पण अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.

प्रत्येक बिल्डर मला मोबाइल काढून दुबईचा फोटो दाखवतो आणि म्हणतो, "मॅडम, आपल्याला बी असंच पायजे." आता दुबईचा तो टॉवर कुठं आणि औसा रोडवरचं आमचं नभांगण हाइट्स कुठं! अकरा मजले. हसू नका. भूकंपानंतर कित्येक वर्षं ज्या गावात लोक घरावर दुसरा मजला चढवायला भीत होते, त्या गावात अकरा मजले म्हणजे आभाळच की. आता क्लासच्या पोरांनी गाव असं भरलंय की जमीन पुरेना, म्हणून सगळे वर निघालेत. क्लास वर, होस्टेल वर, खाणावळी वर. नांदेडलाही तेच. गेल्या पाच वर्षांत दोन्ही गावांतला सहा मजल्यांवरचा एकही ठोकळा मी सोडलेला नाही.

रात्रीचे फोटो म्हणतात खरे, पण खरं काम सूर्य बुडाल्यावरच्या वीस मिनिटांचं. आभाळ तेव्हा गडद निळं असतं आणि खिडक्या पिवळ्या. वीस मिनिटं हुकली की आभाळ काळं ठिक्कर आणि दिवस फुकट.

नवी इमारत रिकामी असते, ही दुसरी अडचण. खिडक्याच पेटलेल्या नसतील तर फोटो कुणाला आवडणार? म्हणून आम्ही बल्ब लावतो. आम्ही म्हणजे मी आणि अकरमभाई. गंजगोलाईतल्या स्टुडिओचे मालक, माझे उस्ताद, वय त्रेसष्ट. त्यांच्या पोत्यात मोजून चाळीस बल्ब असतात, होल्डर-वायरीसकट. एकेका हॉलमध्ये एकेक टांगायचा, बिल्डरच्या जनरेटरला जोडायचा, खाली यायचं, फोटो काढायचा, परत वर जाऊन सगळे उतरवायचे. नभांगणच्या रस्त्याकडच्या खिडक्या चव्वेचाळीस. चार अंधाऱ्या सोडायच्या, कारण सगळ्या पेटवल्या तर लग्नाचा मांडव वाटतो.

त्या चारांतली एक मी मुद्दाम सोडली. नववा मजला, डावीकडून तिसरी. नऊशे तीन. कारण तो फ्लॅट माझा होता, आणि आईनं बजावलं होतं, "घरभरणीच्या आधी नव्या घरात दिवा लावायचा न्हाई. पयला दिवा घरच्या बाईनं लावायचा."

आता ही घरची बाई त्या घरात पाऊल टाकायला तयार नव्हती, ती गोष्ट वेगळी.

२

त्या संध्याकाळी फोटो झकास आला. चन्नबसप्पा शेठनं, म्हणजे नभांगणच्या बिल्डरनं, स्क्रीनवर बघूनच माझ्या हातावर पेढा ठेवला. स्टुडिओत आल्यावर मी तो मोठा करून मोजायला बसले. ही माझी सवय. एखादा बल्ब उडाला असेल तर खिडकी कळते.

एकेचाळीस.

"चाळीस," अकरमभाई म्हणाले. "पोत्यात चाळीस गेले, चाळीस आले. तू पुन्हा मोज."

पुन्हा मोजल्या. एकेचाळीस. नवव्या मजल्यावर डावीकडून तिसरी खिडकी पेटलेली होती. आमच्या बल्बांचा उजेड पांढरट, हिचा तांबूस. कंदिलाचा असतो तसा.

"रंगारी राहिला असेल आत," मी म्हटलं.

"किल्ली कुणाकडं हाय?"

किल्ली माझ्या पर्समध्ये होती. शेठनं आदल्या आठवड्यात दिलेली, दुसरी कुणाकडं नव्हती.

"मग समोरच्या होर्डिंगचा उजेड काचेवर पडला असेल."

"हां, पडला असेल," अकरमभाई म्हणाले. ते माझ्याशी वाद घालत नाहीत, तेव्हाच मला राग येतो. मी फोटो आणखी मोठा केला. खिडकीच्या कट्ट्यावर काहीतरी होतं. पोट असलेलं एक भांडं, आणि त्याच्या बाजूला एक छोटं. एवढंच. मी लॅपटॉप मिटला आणि भूक लागली म्हणून घरी निघाले. भूक बिक काही लागलेली नव्हती.

३

आईचं नाव सिंधु. क्लासच्या पंचवीस पोरांची खाणावळ चालवते आणि पंचवीस पोरांना शिव्या घालते. पोरं तिच्यावर जीव टाकतात. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो ती पत्र्याची खोली, पुढं अंगण, अंगणात चूल. आईला हेच पाहिजे. डोक्यावर पत्रा, पत्र्यावर आभाळ, मधे कुणाचं घर नको. पण जागेचा मालक दिवाळीनंतर खोली पाडून सहा मजली होस्टेल बांधणार होता. मी फ्लॅट घेतला तो म्हणूनच. आईनं मात्र गावाकडच्या पुनर्वसनाच्या घराची किल्ली काढून पदराला बांधली होती. एकटी तिथं जाऊन राहणार म्हणे, सहासष्टाव्या वर्षी, गुडघे गेलेले असताना.

"तू ऱ्हा वर. मी तुझ्या घरात यायची न्हाई. माझ्या डोक्यावर मजले नकोत."

मी तिच्याशिवाय एक दिवस राहिलेली नाही. रागानं बोलते, भांडते, पण रात्री तिचं घोरणं ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही. ती गावाकडं गेली तर तो फ्लॅट मला काय चाटायचाय?

त्या रात्री मी जेवत होते आणि एका पोरानं पाणी पिऊन फुलपात्र तसंच तांब्याशेजारी ठेवलं.

"उपडं घाल रे मेल्या!" आई ओरडली. "पाल पडंल त्यात. मल्लूसारखं करू नका कुणी."

फोटोतलं ते बाजूचं छोटं भांडं मला आठवलं.

मल्लू म्हणजे मल्लम्मा, माझी काकू. निलंग्याकडची, निम्मं कानडी बोलायची, आणि हसायला लागली की थांबायची नाही, असं आई सांगते. दोघी जावा एका वयाच्या. गावात दगडामातीचं बुटकं घर, आणि दोघींचं एकच स्वप्न, माडी बांधायची. माडीवर बसून वारं खायचं. माडीत पहिला दिवा कुणी लावायचा यावरून तर त्यांची खरीखुरी भांडणं व्हायची. माडी कशाची, वरची एक वीट नव्हती!

काकूची एक खोड. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन झोपायची, आणि मधे उठून पाणी प्याली की फुलपात्र तांब्यावर उपडं घालायची नाही. बाजूला ठेवून द्यायची, सुलटं. आई रोज सकाळी ओरडायची. काकू रोज हसायची.

त्र्याण्णव साली गणपती बुडवून बाबा आणि काका देवळापुढंच झोपले. मी सहा वर्षांची, तापानं फणफणलेली. काकूनं स्वतःच्या उशाचा तांब्या उचलून आईच्या उशाशी ठेवला. "पोरीला तहान लागंल," म्हणाली. आईनं मला पाणी पाजलं आणि फुलपात्र नीट उपडं घातलं. पहाटे जमीन हलली तेव्हा तेच खणखणून खाली पडलं. त्या आवाजानं आई जागी झाली आणि मला उचलून बाहेर पळाली. काकूच्या खोलीत वाजायला काही नव्हतं.

तो तांब्या मग ढिगाऱ्यात सापडला, कडेला मोठा पोचा आलेला. सव्वीस वर्षं तो आईच्या उशाशी आहे. फुलपात्र उपडं.

"तिच्या वाटणीचं जागेपण मी घेतलं बघ," आई कधीतरी म्हणते. मग कुणाला तरी शिवी देऊन डोळे पुसते.

४

मी विज्ञान शाखेची. बारावीला एक्क्याऐंशी टक्के. दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख उन्हात मी एकटीच नऊशे तीन बघायला गेले. दुपारी, बरं का. भीत होते म्हणून नाही, उजेड बरा असतो म्हणून.

कुलूप जसंच्या तसं. आत हॉलभर पुट्टीची पांढरी भुकटी, पीठ चाळल्यासारखी. त्यावर पावलाचा एक ठसा नाही. छताला होल्डर नाही, वायर नाही, मीटर अजून बसायचं होतं. मला इतकं बरं वाटलं! होर्डिंगचाच उजेड होता तर. मी उगीचच मोठ्यानं हसले आणि खिडकीपाशी गेले.

कट्ट्यावर एक ओलं वर्तुळ होतं. तांब्याच्या बुडाएवढं. त्याच्या शेजारी एक छोटं.

बोट लावलं. गार पाणी.

पाऊस नव्हता. खिडकी बंद होती. गवंड्यानं पाणी मारलं असेल, असं मी मनाशी म्हणतच होते, तेवढ्यात मागून, आतल्या खोलीतून, आवाज आला. टण्. भांडं फरशीवर ठेवलं की येतो तेवढाच. घाई नाही, काही नाही. कुणी पाणी पिऊन भांडं खाली ठेवावं तसा.

मी लिफ्टची वाट बघितली नाही. नऊ मजले कशी उतरले ते माझं मलाच माहीत. खाली वॉचमन श्रीमंत खुर्ची टाकून बसलेला. "काय ताई, लिफ्ट बंद पडली का?" म्हणाला. मी म्हटलं, "व्यायाम करून राहिले." तो अजून मला त्यावरून चिडवतो.

५

चन्नबसप्पा शेठला फोटो हवा होता वीस फुटी फ्लेक्ससाठी. मी तो द्यायच्या आधी बसून नऊशे तीनची खिडकी काळी केली. नीट, कडा सांभाळून. तांबूस उजेड गेला, भांडी गेली. अकरमभाईंनी स्वतः मोजल्या. "चाळीस. बरं झालं," म्हणाले आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

तीन दिवसांनी सकाळी त्यांचा फोन. "पुनम, चौकात ये. अभी के अभी."

फ्लेक्स लागला होता. वीस फूट उंच नभांगण, निळं आभाळ, आणि वर मोठ्या अक्षरांत 'तुमच्या मुलांचं भविष्य उंचावर'. नवव्या मजल्यावरची तिसरी खिडकी पेटलेली होती. एवढ्या मोठ्या फोटोत ती खिडकी टीव्हीएवढी झालेली. कट्ट्यावर तांब्या. शेजारी फुलपात्र, सुलटं. तांब्याच्या कडेला पोचा.

पोचा असलेला तांब्या तर घरी होता. सकाळीच मी त्यात पाणी भरून आले होते.

"तू जुनी फाइल भेजी होगी," अकरमभाई म्हणाले.

"हो, जुनीच गेली असणार," मी म्हटलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

आणि नेमकी तेव्हाच आई भाजीची पिशवी घेऊन चौकात आली. मी आडवी झाले, "आई, चल, मेथी घ्यायची राहिली," काय वाट्टेल ते बोलले. पण वीस फुटी फ्लेक्स मी काय पदरानं झाकणार होते? आई थांबली. मान वर केली. चष्मा पुसला, परत घातला.

मला वाटलं, संपलं. आता ही आजच्याच गाडीनं गावाकडं जाणार.

आई हसायला लागली. भर चौकात, पिशवी खाली ठेवून, पोटावर हात धरून. लोक बघायला लागले. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू, मी तिला असं जन्मात बघितलं नव्हतं.

"बघ, बघ ही बया!" ती म्हणाली. "माझ्या आधी माडी गाठली की गं तिनं! दिवा बी लावला! आणि फुलपात्र बघ कसं ठेवलंय!"

"आई, तो फोटोतला घोटाळा आहे. रिफ्लेक्शन असतं तसं."

"असंल," आई म्हणाली. "किल्ली दे."

६

लिफ्टला ती तयार झाली नाही. गुडघे गेलेली माझी आई नऊ मजले चढली, दर मजल्यावर बसून, दर मजल्यावर एक शिवी घालून, आणि मधेच "आले गं, आले!" असं वरच्या जिन्याकडं बघून ओरडत. मी मागून पिशव्या घेऊन. पाचव्या मजल्यावर मी हळूच म्हटलं, "आई, मला भीती वाटून राहिलीय."

"कशाची? तुला मांडीवर खेळवलेली बाई हाय ती."

म्हणजे भीतीचं कारण तेच होतं की. पण हे आईला कोण समजावणार?

दार उघडलं. खोलीत काही नव्हतं. भुकटी, ऊन, वारा. आईनं सरळ स्वयंपाकघरात जाऊन निरंजन लावलं आणि रिकाम्या खोलीला म्हणाली, "तुझा पयला, माझा दुसरा. जाऊ दे, थोरली मी हाय, मीच पड खाते."

मग दूध उतू घातलं, खाणावळीतल्या पोरांना वर बोलावून शिरा वाढला. पंचवीस पोरं नऊशे तीनमध्ये, काय दंगा! आईनं दोन पोरांना कान धरून फरशी पुसायला लावली. पाच वाजेपर्यंत मी सगळं विसरले होते, खोटं कशाला बोलू. पोरं क्लासला गेली आणि आई म्हणाली, "आता माझा बी काढ. दुबईवाला."

मी खाली रस्त्यापलीकडं ट्रायपॉड लावला. अकरमभाई शेजारी. सूर्य बुडाला, आभाळ निळं झालं, आई खिडकीत येऊन हात हलवायला लागली. उजेड कमी असला की आठ सेकंद कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवावं लागतं. त्यात जे हलतं ते पुसट होतं, जे स्थिर असतं ते लख्ख येतं. मी फोनवर ओरडले, "आई, हलू नकोस!" ती ऐकणार थोडीच.

आठ सेकंद. स्क्रीन उजळली.

आई हललीच होती. हाताच्या जागी नुसता धूर, चेहरा पुसट, पण हसू कळत होतं. आणि ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. मान डावीकडं, कुणाशी तरी बोलताना वळते तशी. तिच्या खांद्यावर एक हात होता. मनगटापर्यंतच. पुढचं भिंतीआड. हिरवा चुडा, एकेक बांगडी मोजता यावी इतका लख्ख.

आठ सेकंदांत जिवंत माणसाचा हात इतका स्थिर राहत नाही. श्वासानंसुद्धा हलतो. मी हा धंदा दहा वर्षं करतेय.

अकरमभाईंनी चष्मा काढला. "बेटा," ते हळू म्हणाले, "अम्मी के साथ कौन है ऊपर?"

मी मान वर करून बघितलं. खिडकीत आई एकटीच होती, आणि अजून हात हलवत होती.

"काकू आहे," मी म्हटलं.  मग काय करायचं सुचेना, म्हणून मीही हात हलवला. अकरमभाईंनी कपाळाला हात लावून वर सलाम केला.

७

रात्री आईनं आतल्या खोलीत सतरंजी घातली, त्यावर धुतलेली चादर, उशी. उशाशी तो पोचा आलेला तांब्या भरून ठेवला, फुलपात्र उपडं. मग बाहेर हॉलमध्ये येऊन माझ्याशेजारी आडवी झाली. तिच्या उशाशी काही नव्हतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

"तुला नको का तांब्या?" मी विचारलं.

"तिचा हाय तो," आई म्हणाली. "त्या रात्री तिच्याच उशाशी असायला पायजे होता."

कूस बदलली आणि घोरायला लागली. डोक्यावर दोन मजले, पायाखाली आठ, आणि माझी आई ढाराढूर. मी मात्र डोळे टक्क उघडे ठेवून आतल्या बंद दाराकडं बघत पडले. पळून जावंसं वाटत होतं. पण आई इतकी सुखानं झोपलेली की उठायचं धाडस होईना, तिची झोप मोडली असती. कधीतरी मलाही लागली.

जाग आली तेव्हा उन्हं आलेली, स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज. मी उठले आणि धीर करून आतल्या खोलीचं दार लोटलं. चादरीवर सुरकुती नव्हती. तांब्यातलं पाणी दोन बोटं खाली गेलेलं. फुलपात्र बाजूला. सुलटं.

"आई," मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हटलं, "तू रात्री उठून आतलं पाणी प्यालीस का?"

"न्हाई बाई. एकदम सकाळीच डोळा उघडला. का?"

मी सांगितलं. आईनं पिठाचे हात कमरेवर ठेवले, आणि रोज पोरांवर ओरडते त्या आवाजात आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडली, "मल्ले! सव्वीस वर्षं झाली, अजून फुलपात्र उपडं घालायची अक्कल आली न्हाई तुला?"

 खाली रस्त्यावर क्लासला जाणाऱ्या पोरांच्या सायकली वाजत होत्या. आई माझ्यासमोर होती, मी आईसमोर.

आतून आवाज आला. टण्. फुलपात्र तांब्यावर उपडं घातलं की येतो तसा.

मी दाराची चौकट धरली. आई डोळे पुसत, हसत पुन्हा परातीपाशी बसली, आणि आणखी एका भाकरीचं पीठ घेतलं.